युनिव्हर्सल अडॅप्टर घ्यायच्या आधी वस्तूंची लेबलं वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबा पुढच्या महिन्यात सहा महिन्यांसाठी ताईकडे न्यू जर्सीला निघालेत, जाताना लंडनला मावशीकडे चार दिवस मुक्काम. सोबत दोन मोबाइल, एक टॅब, बाबांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं), आईचा नेब्युलायझर आणि ताईला द्यायला साडेसातशे वॉटचा नवाकोरा मिक्सर. ‘दीडशे देशांत चालतो’ असं लिहिलेला युनिव्हर्सल अडॅप्टर तुम्ही ऑनलाइन पाहून ठेवलाय. तो घेतला की झालं का?

मोबाइल आणि टॅबपुरतं झालं. सीपॅपचंही बहुधा भागेल, पण त्यासाठी अडॅप्टरपेक्षा चांगली सोय आहे. नेब्युलायझरचं लंडनमध्ये भागेल, न्यू जर्सीत बहुतेक नाही. मिक्सरचं मात्र त्या अडॅप्टरने अजिबात भागणार नाही. एकाच घरातल्या, एकाच बॅगेतल्या सहा वस्तू आणि चार वेगळी उत्तरं. म्हणून ‘कुठल्या देशासाठी कुठला अडॅप्टर’ या टोकाकडून सुरुवात करू नका. वस्तूच्या पाठीवर काय छापलंय, तिथून सुरुवात करा. माझं पुण्यात घरगुती विद्युत उपकरणं दुरुस्त करायचं दुकान आहे. परदेशी जाण्याआधी लोक येतात आणि आल्यावर जळालेली वस्तू घेऊनही येतात, आणि दोन्ही वेळा चर्चा याच लेबलापाशी येऊन थांबते.

आधी अडॅप्टर काय करतो ते. तो फक्त पिनांचा आकार बदलतो. आपला गोल पिनांचा प्लग एका बाजूने आत जातो, दुसऱ्या बाजूने चपट्या पिना बाहेर येतात, बस. भिंतीत जितके व्होल्ट आहेत तितकेच वस्तूपर्यंत पोहोचतात. भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ब्रिटनमध्येही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. (बोलताना लोक ‘एकशेदहा’ म्हणतात आणि बऱ्याच वस्तूंवरही ११० लिहिलेलं असतं, गोष्ट तीच.) म्हणजे लंडनमध्ये तुमची अडचण फक्त आकाराची आहे. न्यू जर्सीत आकार आणि दाब (म्हणजे व्होल्ट) दोन्ही बदलतात. अडॅप्टर त्यातली पहिलीच सोडवतो.

आता प्रत्येक वस्तू उलटी करा. चार्जरवर, मशीनच्या वायरीत मध्ये असतो त्या ठोकळ्यावर किंवा मिक्सरच्या तळाला ‘इनपुट’ या शब्दापुढे काय लिहिलंय ते पाहा. अक्षर इतकं बारीक असतं की चष्मा लावूनही दिसत नाही. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचायचा. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर ती वस्तू जगात जवळपास कुठेही चालते. आतलं सर्किट भिंतीतला दाब कितीही असला तरी हवा तेवढा घडवून घेतं. हल्लीचे मोबाइल, टॅब, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर जवळजवळ सगळे असेच असतात. नुसतंच ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ किंवा ‘२२०–२४० व्होल्ट’ असेल तर ती वस्तू अमेरिका, कॅनडा, जपान, तैवान या देशांत नुसत्या अडॅप्टरवर चालवायची नाही.

चालवली तर काय होतं? तापणाऱ्या वस्तूंचं गणित सोपं आहे. ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२० ला २३० ने भागून वर्ग केला तर ०.२७ येतात. म्हणजे इथली हजार वॉटची किटली तिथे पावणेतीनशे वॉटची होते. जळत नाही, पण चहाला पाणी उकळेपर्यंत माणूस कंटाळून थंड दूध पिऊन मोकळा होतो. शेकायची इलेक्ट्रिक पिशवी तशीच, कोमट होऊन राहते. मोटारवाल्या वस्तूंचं मात्र नुसतं हळू फिरण्यावर भागत नाही. मिक्सर १२० व्होल्टवर गुरगुरतो, ओल्या खोबऱ्याचं वाटण भांड्यात भरलं की पातं अडकतं, आणि मोटर अडकून वीज ओढत राहिली की वाइंडिंग तापतं.

उलट दिशेचं गणित जास्त धोक्याचं आहे, आणि सहा महिन्यांनी आई-बाबा परततील तेव्हा ते तुमच्या घरात येणार आहे. अमेरिकेतून आणलेला १५०० वॉटचा, फक्त १२० व्होल्टचा हेअर ड्रायर इथल्या सॉकेटला अडॅप्टरने लावला तर तो साडेपाच हजार वॉट ओढायला बघतो. एमसीबी पडला तर नशीब. नाहीतर कॉइल तुटते किंवा प्लास्टिक वितळतं. ताई ‘आई, तेवढा इन्स्टंट कुकर घेऊन जा’ म्हणेल, कॉफी मशीन देईल, हँड ब्लेंडर देईल. त्यांचीही लेबलं तिथेच, बॅग भरायच्या आधी वाचायला सांगा.

यात एक वस्तू लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे अमेरिकन एक्स्टेन्शन बोर्ड, विशेषतः ज्यावर सर्ज प्रोटेक्टर लिहिलेलं असतं तो. वाटतं की साधी वायर आणि सॉकेटं आहेत, त्याला कसले व्होल्ट? पण त्याच्या पोटात एक चपटी गोल चकती असते, व्हॅरिस्टर. दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ती तो स्वतःवर घेते. अमेरिकन बोर्डातली चकती १२० व्होल्टच्या हिशेबाने बसवलेली असते, त्यामुळे आपले नेहमीचे २३० व्होल्टच तिला संकट वाटतात. माझ्याकडे आलेला असा एक बोर्ड उघडला तेव्हा चकतीचे दोन तुकडे झाले होते, झाकणाच्या आतल्या बाजूला काळा धूर बसला होता आणि बाजूची वायर मऊ पडून चिकटली होती. मुलाने हौसेने आणलेला बोर्ड, देव्हाऱ्याशेजारी लावला होता. आपला २३० व्होल्टचा स्पाइक गार्ड तिकडे नेला तर असं काही होत नाही, कारण दाब कमीच असतो. फक्त त्याचं संरक्षण तिथे नावापुरतं राहतं.

तर आता तुमच्या वस्तू एकेक घेऊ.

सीपॅप. बाबांच्या मशीनच्या ठोकळ्यावर बहुधा १००–२४० व्होल्ट असेल, कारण ही मशीनं प्रवासाचा विचार करूनच बनवतात. तरीही बहुधा म्हणतोय, खात्री लेबलावरून करा. तसं असेल तर अडॅप्टर विसरा आणि ठोकळ्यात मागून घुसणारी वायर काढून पाहा. ती सुटी निघते. मागच्या खोबणीचा आकार ओळखीचा असेल: आडव्या इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखी दोन पिनांची, किंवा तीन पाकळ्यांची, किंवा डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या मागे असते तशी तीन चपट्या पिनांची. हे आकार जगभर एकच आहेत. पहिल्याला सी७, दुसऱ्याला सी५, तिसऱ्याला सी१३ ची वायर लागते. ताईला खोबणीचा फोटो पाठवा, ती तिथल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून अमेरिकन प्लगवाली वायर आणून ठेवेल. ठोकळा आपला, वायर तिथली. मध्ये सैल होणारा, लोंबणारा, तापणारा एकही जोड नाही, आणि अर्थिंग असलेली वायर असेल तर अर्थिंग थेट भिंतीपर्यंत जातं. रोज रात्रभर, सहा महिने चालणाऱ्या मशीनला हाच उपाय. लॅपटॉपलाही हेच लागू आहे. मुलं शिकायला बाहेर जातात तेव्हा मी पालकांना हेच सांगतो, आणि लोकांना वाटतं की मी अडॅप्टर विकायला टाळतोय.

लंडनच्या चार रात्रींसाठी मात्र वेगळी वायर घ्यायची गरज नाही, तिथे अडॅप्टर चालेल. सीपॅप चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातच ठेवा. विमानात वापरणार असतील तर विमान कंपनीला आधी कळवून त्यांची परवानगी घ्या. सीटजवळच्या सॉकेटवर भरवसा ठेवू नका, ते मध्येच बंद करतात.

नेब्युलायझर. इथे लेबल नीट वाचा. घराघरात असतो तो ठोकळ्याएवढा, घर्रर्र आवाज करणारा कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर असेल तर त्यात बहुतेक वेळा मोटर थेट भिंतीतल्या विजेवर चालते आणि लेबलावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एवढंच असतं. न्यू जर्सीत तो नुसता गुणगुणेल, औषधाची वाफ धड होणार नाही, आणि गंमत म्हणजे तो चालू आहे असंच वाटत राहील. औषध पोटात... म्हणजे छातीत किती गेलं ते कळणार नाही. ट्रान्सफॉर्मर लावून दाब २३० करता येतो, पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही, ते ६०च राहतात, आणि ५० हर्ट्झसाठी बनवलेली अशी मोटर ६० वर ठरलेल्या मापाने हवा देईल असं मी म्हणणार नाही. आरोग्याच्या वस्तूवर जुगाड नको. आईच्या डॉक्टरांना विचारा की तेच औषध बॅटरी किंवा यूएसबीवर चालणाऱ्या मेश नेब्युलायझरमधून देता येईल का. काही औषधं त्यात चालत नाहीत, म्हणून विचारूनच. नाहीतर ताईने तिथला १२० व्होल्टचा बघून ठेवावा. तुमच्याकडचा १००–२४० चा निघाला तर उत्तम, मग हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

मिक्सर. स्पष्ट सांगतो, नेऊ नका. न्यायचाच असेल तर सोबत स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, १२० चे २३० करणारा. साडेसातशे वॉटच्या मिक्सरला तेवढ्याच क्षमतेचा चालत नाही. मोटर सुरू होताना आणि वाटण घट्ट असताना बरीच जास्त वीज ओढते, म्हणून दुप्पट, म्हणजे १५०० व्हीएचा धरायचा. तो लोखंडी गाभ्याचा असतो, पाच-सात किलोंचा धोंडा, ओट्यावर कायमची जागा अडवतो. ऑनलाइन ‘ट्रॅव्हल कन्व्हर्टर’ नावाची हलकी डबी मिळते, ती या कामाची नाही. त्यातल्या स्वस्त डब्या विजेची लाट कापून दाब कमी केल्याचा आभास करतात. त्या फक्त तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात, मोटरला आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना त्या मारक आहेत. शिवाय त्यातल्या बहुतेक २३० चे ११० करतात, तुम्हाला हवं त्याच्या बरोबर उलट.

आणि मुळात गरजच नाही. ताई न्यू जर्सीत आहे, म्हणजे एडिसन-आयझलिनचा ओक ट्री रोड तिला माहीत असणारच. भारतीय बनावटीचे, ११० व्होल्टसाठी बांधलेले मिक्सर तिकडे सहज मिळतात, तेच चटणीचं भांडं, तीच पाती. ताईला काही द्यायचंच असेल तर इथून नुसती जास्तीची भांडी द्या, पण आधी ताईने कुठला मिक्सर घेतलाय ते विचारून. मिक्सरचं वजन वाचलं तर तेवढ्यात भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला मावेल, आणि ताईला त्याचाच आनंद जास्त होईल असा माझा अंदाज आहे.

राहिले मोबाइल आणि टॅब. यांच्यासाठी अडॅप्टर घ्यायचा. पण युनिव्हर्सल ठोकळा घ्यायचा का?

माझं मत नाही असं आहे, आणि कारण सांगतो. तो ठोकळा सोयीचा आहे हे खरं. बटण सरकवलं की अमेरिकन पिना बाहेर, दुसरं सरकवलं की ब्रिटिश. पण आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात आणि सरकणाऱ्या पिना त्यांना नुसत्या टेकतात. हा टेकण्याचा जोड म्हणजे त्याचं दुबळं अंग. दहा-वीस वॉटच्या चार्जरला काही होत नाही. त्याच ठोकळ्यात कुणी इस्त्री, हेअर स्ट्रेटनर किंवा किटली लावली की टेकलेल्या जागी ठिणगी, मग काजळी, मग आणखी उष्णता. वितळलेले ठोकळे मी उघडून पाहिलेत. काळा डाग कायम सरकत्या पिनेच्या मुळाशी असतो, बाकी भाग नवा दिसतो.

शिवाय त्यावरचं वॉटचं माप वाचताना लोक फसतात. ठोकळ्यावर ६ अँपिअर लिहिलेलं असेल तर २३० व्होल्टवर तो १३८० वॉट पेलतो, पण ११० वर फक्त ६६० वॉट. तीच वस्तू, तोच ठोकळा, देश बदलला की क्षमता निम्मी. दुसरं, यातल्या बऱ्याच ठोकळ्यांत अर्थिंगच नसतं. तुमचा तीन पिनांचा प्लग त्यात बसतो, पण तिसरी पिन आत कुठेच जोडलेली नसते. मोबाइलच्या चार्जरला अर्थिंगची गरज नसते. ज्या वस्तूवर चौकोनात चौकोन अशी खूण असते तिला दुहेरी इन्सुलेशन असतं, तिला नाही लागत. पण धातूच्या अंगाची, तीन पिनांची वस्तू अशा ठोकळ्यावर लावू नये. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते बऱ्याचदा यामुळेच.

म्हणून मी एका देशाचा एकच, घट्ट, सरकत्या भागांविना असलेला अडॅप्टर घ्या म्हणतो. तुम्हाला दोन लागतील. अमेरिकेसाठी टाइप बी: दोन चपट्या पिना आणि खाली एक गोल अर्थिंगची. ब्रिटनसाठी टाइप जी: तीन जाड आयताकृती पिना, आणि अडॅप्टरच्या पोटात फ्यूज असलेला. महिना-दोन महिन्यांत सहा देश करणाऱ्या, हलक्या सामानाच्या माणसाला मात्र मी युनिव्हर्सलच घ्या म्हणेन, फक्त चार्जरपुरता.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत हे अडॅप्टर मिळतात, विमानतळावर अव्वाच्या सव्वा किमतीला मिळतात. घेताना दुकानातच तीन गोष्टी करा. स्वतःचा चार्जर सोबत न्या, अडॅप्टरमध्ये लावा आणि उलटा धरून हलवा. चार्जर गळून पडला तर तो अडॅप्टर परत द्या. सगळ्या आकारांच्या पिना घेणारं तोंड असतं त्यात ही ढिलाई जास्त, आपल्याच गोल पिनांसाठी केलेलं तोंड जास्त घट्ट धरतं. मग पिनांना छोटं लोहचुंबक लावून पाहा. चांगल्या पिना पितळेच्या असतात, त्यांना चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर वर मुलामा आणि आत लोखंड. आणि दुकानदाराकडे मल्टीमीटर असतोच, त्याच्या दोन टोकांपैकी एक अर्थिंगच्या भोकात आणि दुसरं अर्थिंगच्या पिनेला लावायला सांगा. बीप वाजला तर जोड आहे. नाही वाजला तर तिसरी पिन शोभेची आहे. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

दोन मोबाइल, एक टॅब आणि अडॅप्टर एकच, तर तीन अडॅप्टर घेण्याऐवजी आपलाच छोटा एक्स्टेन्शन बोर्ड न्या, एका अडॅप्टरवर तो लावा आणि त्यावर सगळे चार्जर. चार्जर तिन्ही मिळून शंभर वॉटच्या आसपास जातील, काही भार नाही. फक्त त्या बोर्डावर तापणारी वस्तू लावायची नाही हे बाबांना दोनदा सांगा. बाबा लोक बोर्डावर एक सॉकेट रिकामं दिसलं की त्याला काहीतरी लावतात.

आता तिथल्या भिंतींबद्दल थोडं, कारण इथे सगळं नीट असूनही लोक तिथे गोंधळतात.

अमेरिकेत सॉकेटला शेजारी बटण नसतं. प्लग खुपसला की वीज चालू, आणि खुपसताना कधी बारीक ठिणगी दिसते, घाबरायचं कारण नाही. सॉकेट उभं असतं आणि पिना चपट्या, उथळ धरणाऱ्या, त्यामुळे जड ठोकळा स्वतःच्या वजनाने पुढे वाकतो. अर्धवट बाहेर आलेल्या पिना तिथे उघड्या राहतात, घरात नातवंडं असतील तर याकडे लक्ष हवं. दोन चपट्या पिनांपैकी एक किंचित रुंद असते, म्हणून प्लग उलटा जात नाही, जोर लावू नका, फिरवून बघा. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या सॉकेटवर दोन छोटी बटणं दिसतील, टेस्ट आणि रिसेट. वीज जमिनीकडे जराशी जरी गळाली तरी ते सॉकेट स्वतः बंद पडतं. सॉकेट ‘मेलं’ असं वाटलं तर आधी रिसेट दाबा. फार जुन्या घरात दोनच खाचांची सॉकेटं सापडतात, तिथे टाइप बी चा तिसरा पाय जात नाही. तो पाय पक्कडीने मोडणारे लोक आहेत. ताईचं घर तसं असेल तर दुसरं सॉकेट शोधा, पाय मोडू नका.

ब्रिटनचं वेगळं. तिथे सॉकेटला बहुतेक वेळा आपल्यासारखंच बटण असतं, ते दाबायचं राहून जातं आणि सकाळी मोबाइल तसाच रिकामा. त्यांचा तीन चौकोनी पिनांचा प्लग १९४७ च्या मानकाने आला. युद्धानंतर तांब्याची टंचाई होती, म्हणून घरभर एकच गोल फिरणारी जाड लाइन टाकायची आणि प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज ठेवायचा असा विचार होता. अर्थिंगची पिन लांब असते, ती आत गेली की बाकीच्या दोन भोकांवरचे पडदे उघडतात. दुबई, सिंगापूर, मलेशियातही हेच सॉकेट आहे, आणि तिथे आपले लोक वरच्या भोकात पेनाचं टोक खुपसून पडदे उघडतात आणि दोन पिनांचा भारतीय चार्जर घुसवतात. कृपा करून हे शिकू नका. पडदा त्यासाठीच ठेवलाय, आणि आपल्या पिना त्यात नीट धरल्याही जात नाहीत.

मावशीकडे किंवा तिथल्या एखाद्या हॉटेलात भिंतीत चक्क आपल्या ओळखीचं तीन गोल भोकांचं सॉकेट दिसलं तर चकित होऊ नका. आपला पाच-सहा अँपिअरचा प्लग हा मुळात जुना ब्रिटिश प्लग आहे. त्यांनी तो रोजच्या वापरातून काढला, आपण ठेवला, आणि त्यांच्याकडे तो टेबलावरच्या दिव्यांसाठी काही ठिकाणी उरलाय. ते सॉकेट खोलीच्या दिव्याच्या बटणावर चालतं. दिवा मालवला की चार्जिंग बंद. बाथरूममध्ये ‘शेव्हर’ लिहिलेलं दोन भोकांचं सॉकेट असतं, ते फक्त दाढीच्या मशीनसाठी आणि टूथब्रशसाठी, मोबाइलसाठी नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘पुढे कधी युरोपला गेलो तर’ हा प्रश्न येईलच. युरोपात व्होल्ट आपलेच, २३०. बारीक दोन गोल पिनांचा युरोपियन प्लग जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड सगळीकडे जातो. आपल्या पिना त्याहून जाड असू शकतात आणि आपल्या चार्जरचं अंग रुंद असतं, जर्मन सॉकेट खोल गोल खड्ड्यात असतं, त्यात ते शिरत नाही. स्वित्झर्लंडचा खड्डा षटकोनी. म्हणून बारीक दोन पिनांचा सडपातळ अडॅप्टर घ्यायचा, चार्जरपुरता. जपानला १०० व्होल्ट आणि बहुतेक ठिकाणी दोनच चपट्या खाचा, अमेरिकेचा तीन पिनांचा अडॅप्टर तिथे अडतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र आपला सोळा अँपिअरचा, गीझरला लावतो तो जाडजूड प्लग सरळ बसतो. नेपाळला काहीच न्यायला नको.

पॉवर बँक नेणार असतील तर ती चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातच हवी, आणि १०० वॉट-अवरच्या आतली. वीस हजार एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, ती चालते. पुष्कळशा पॉवर बँकांवर वॉट-अवर छापलेले असतात, छाप पुसलेली असेल तर सुरक्षा तपासणीत हुज्जत होते.

पहिल्या रात्री तिथे पोहोचल्यावर बाबांना एवढं करायला सांगा: चार्जर आणि सीपॅप लावून अर्धा तास झाला की अडॅप्टरला आणि प्लगला हात लावून बघायचा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला, किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर तो लगेच काढून बाजूला ठेवायचा आणि त्याच सॉकेटला पुन्हा लावायचा नाही.

नेब्युलायझर आणि सीपॅप दोन्हींच्या लेबलांचे, आणि सीपॅपच्या ठोकळ्याच्या मागच्या खोबणीचा, असे फोटो इथे टाका. ताईने कुठली वायर आणायची ते नेमकं सांगतो.